तक्रार पोराची होती, फोन बापाचा निघाला: तासगाव तालुक्यातलं एक प्रकरण

आधी कोण कुणाला घेऊन आलं ते सांगते, कारण या केसमध्ये सगळं तिथंच अडकलेलं होतं. तासगाव तालुक्यातलं द्राक्षबागायतदाराचं घर. नवरा, बायको आणि नुकताच दहावी होऊन अकरावीला गेलेला मुलगा असे तिघं जूनमध्ये सांगलीला माझ्याकडं समुपदेशनाला आले आणि तक्रार मुलाची होती. दिवसभर गेम, हाक मारली तर ओ नाही, फोन काढून घेतला की जेवत नाही, आज्जीला उलट बोलतो. बोलत होते वडील, वय सेहेचाळीस, तीन एकर बाग, गावात शब्दाला मान असलेला माणूस. (तिघांना विचारूनच लिहितेय, आणि ओळख पटेल अशा दोन-चार गोष्टी बदलल्यात.)

ते बोलत होते तेव्हा फोन त्यांच्या समोर टेबलावर उपडा ठेवलेला. दोन वाक्यं झाली की हात तिकडं जायचा, फोन सुलटा, अंगठ्यानं लॉक उघडायचं, स्क्रीन एकदा वर सरकवायची, काहीच न उघडता परत बंद, परत उपडा. फोन वाजला नव्हता, मेसेज आला नव्हता. मुलाच्या फोनबद्दल तक्रार सांगताना हे चार-पाच वेळा झालं आणि त्यांना स्वतःला ते कळलंही नाही, पण बायकोला कळत होतं, ती दर वेळी त्या हाताकडं बघायची आणि मग माझ्याकडं. मुलगा खाली मान घालून बसलेला. मी त्याला विचारलं तुला काय वाटतं रे, तर एवढंच म्हणाला, "पप्पा रात्री दोनपर्यंत बघत्यात, त्यांना कोण कायबी म्हणत न्हाई."

वडील लगेच म्हणाले, "मी काय गेम खेळतोय व्हय? कामाचं बघतोय. हवामान बघाय नको? रेट बघाय नको? औषधाचं ग्रुपवर विचाराय नको?"

आता हे खोटं नव्हतं. द्राक्षवाल्याला फोन लागतोच, फळछाटणीनंतरचे पहिले चाळीस-पन्नास दिवस पाऊस पडला किंवा पान ओलं राहिलं की डाऊनी हा बुरशीसारखा रोग येतो आणि फवारणी काही तासांनी जरी चुकली तरी घड हातचा जातो, तेव्हा माणूस हवामान बघणारच. मोबाईलच्या सवयीवर बोलणारी बरीच मंडळी शेतकऱ्याच्या हातातल्या फोनला सरसकट टाईमपास समजतात, ते मला अजिबात पटत नाही. पण कामाचा फोन असेल तर किती वेळ कामाला जातो हे बघायला हरकत नव्हती, म्हणून मी म्हटलं आपण तिघांचेही फोन बघू, एकट्या पोराचा नको. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये डिजिटल वेलबीइंग म्हणून असतं, त्यात कुठल्या ॲपवर किती वेळ गेला ते दिसतं.

मुलाचा आदल्या दिवशीचा आकडा सव्वातीन तास, त्यातला गेम पावणेदोन. आईचा तासाच्या आत. वडिलांचा सहा तास दहा मिनिटं. युट्यूब आणि इन्स्टाग्राम मिळून चारच्या वर, व्हॉट्सॲप दीड तासाच्या आसपास, फोन कॉल थोडे. हवामानाचं ॲप अकरा मिनिटं.

ती अकरा मिनिटं त्यांनी स्वतः वाचली. मी काहीच बोलले नाही. आठवडाभराचे दिवस एकेक करून मागं सरकवत बघितले त्यांनी, प्रत्येक दिवशी तसंच. मग म्हणाले, "हे बरोबर दाखवतंय का पण?" बायको म्हणाली, "अहो, बरोबरच दाखवतंय."

इथं एक गोष्ट स्पष्ट करते. नुसत्या तासांवरून व्यसन ठरत नाही, दुकानदार किंवा रिक्षावाला दिवसभर फोनवर असतो पण रात्री ठेवून झोपतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, आयसीडी-११ मध्ये, गेमिंग डिसऑर्डर आहे (हे वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे), पण मोबाईलचं व्यसन असं वेगळं निदान त्यात नाही, त्यामुळं मी कुणाच्या फाईलवर तसा शिक्का मारत नाही. मात्र गेमिंगसाठी त्यांनी जे तीन निकष दिलेत ते फोनच्या बाबतीतही विचारायला फार उपयोगी पडतात: स्वतःला आवर घालता येतो का, बाकीच्या गोष्टी मागं पडून हीच पुढं आली का, आणि नुकसान दिसत असूनही चालूच आहे का. आणि हे साधारण वर्षभर चाललेलं असावं, दोन आठवड्याच्या सुट्टीतलं नव्हे.

मुलाला लावून बघितलं तर तो गेम जास्त खेळत होता, चिडत होता, पण संध्याकाळी कबड्डीला जात होता, दहावीला चांगले मार्क होते, मित्र घरी येत होते, रात्री अकराला झोपत होता. त्याला शिस्त लावायची गरज होती, उपचाराची नव्हती. वडिलांना लावलं तर तिन्ही. इन्स्टाग्राम त्यांनी दोनदा काढून परत टाकलेलं. पारावर बसणं बंद झालेलं, भावकीतल्या लग्नात मांडवाच्या मागं खुर्ची टाकून रील बघत बसलेले. आणि नुकसान म्हणाल तर बायकोनं दोन गोष्टी सांगितल्या, ज्या त्यांनी मान खाली घालून ऐकल्या. एक, मागच्या हंगामात फुलोऱ्याच्या वेळी संध्याकाळी फवारणी घ्यायची होती, ब्लोअरला टाकी भरून ठेवलेली, हे शेडमध्ये फोन बघत बसले, अंधार पडला, रात्री पाऊस आला आणि एका प्लॉटवर डाऊनी बसला. दुसरी, ट्रॅक्टर चालवताना रील चालू, आणि एकदा वेलींच्या ओळीच्या टोकाचा लोखंडी अँगल धडकून मांडवाच्या तारा लोंबल्या.

डाऊनीचं सगळं खापर फोनवर फोडायचं असं मला वाटलं नाही, त्या वर्षी पाऊसच तसा होता आणि शेजारच्या बागाही गेल्या, हे मी बायकोलाही सांगितलं. पण ट्रॅक्टरचं मात्र मी त्याच दिवशी धरलं. बाकी सगळं हळूहळू करू, ट्रॅक्टरवर बसताना फोन आजपासून बायकोकडं किंवा घरात, त्यात चर्चा नाही. यावर ते लगेच तयार झाले. बऱ्याचदा माणसाला एखादी ठाम गोष्ट हवी असते.

फोनच्या सवयीची एक प्रश्नावलीही दोघांकडून भरून घेतली, दहा प्रश्नांची, २०१३ मध्ये कोरियात तयार झालेली. साठपैकी गुण असतात आणि पुरुषांसाठी एकतीसच्या पुढं गेलं की जोखीम धरतात. वडिलांचे एक्केचाळीस आले, मुलाचे सत्तावीस. ती प्रश्नावली कोरियातल्या किशोरवयीन मुलांवर बेतलेली आहे, तासगावच्या सेहेचाळीस वर्षांच्या बागायतदाराला ती मोजपट्टी जशीच्या तशी लावायची नसते, बोलणं सुरू व्हायला तिचा उपयोग होतो. आणि झालं ते, कारण बापाचे गुण जास्त बघून पोरगं हसलं नाही, "पप्पा, आपण दोघं मिळून कमी करू" म्हणालं. त्या घरातली तोपर्यंतची सगळ्यात मोठी गोष्ट ती होती असं मी मानते.

पुढच्या भेटीला फक्त नवरा-बायकोला बोलावलं. आधी घरात काय काय करून झालं ते विचारलं. बायकोनं फोन लपवला तर घरात कपाटं उपसली गेली. सासूबाईंनी देवाची शपथ घातली, चार दिवस टिकली. पाहुण्यांनी सांगितलं मोहित्यांच्या वडगावासारखा भोंगा लावा. कडेगाव तालुक्यातलं ते गाव आपल्या जिल्ह्यात सगळ्यांना माहितीय, १५ ऑगस्ट २०२२ पासून तिथं संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, दीड तास टीव्ही-मोबाईल बंद, साडेआठला परत भोंगा. मला त्या गावाबद्दल खरोखर आदर आहे. पण ते जमलं कारण सगळं गाव एकाच वेळी फोन ठेवतं, कुणी एकटा गुन्हेगार ठरत नाही. घरात एकट्या माणसाचा फोन हिसकावला तर ती शिक्षा होते, आणि घरातल्या कर्त्या माणसाला पोरांदेखत शिक्षा झाली की तो हट्टाला पेटतो. म्हणून तिथनं एवढंच घेतलं की ठेवायचा तर सगळ्यांनी, आज्जीच्या टीव्हीसकट, जेवणाच्या वेळी, आणि जागा एकच, सोप्यातला कोनाडा.

हात फोनकडं आपोआप का जातो हे त्यांना नीट समजून हवं होतं, शेतकरी माणूस कारण कळल्याशिवाय औषध मारत नाही. स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं कबुतरांवर प्रयोग केले होते, दाणा कधी मिळेल कधी नाही असं ठेवलं तर कबूतर जास्त वेळ आणि जास्त चिवटपणे चोच मारत राहतं, ठरलेल्या वेळी दाणा मिळणारं तेवढं मारत नाही. रीलचं तेच आहे, दहा टाकाऊ आणि अकरावं झकास, पण कितवं झकास असेल ते माहिती नसतं, आणि खाली तळ म्हणून कुठं येतच नाही. हे ऐकून ते म्हणाले, "म्हंजे मी वाट बघतोय." हो भाऊ, वाटच बघताय.

मग आठवडाभर कागदावर लिहायला दिलं, फोन हातात घेतला की वेळ, कुठं होता आणि त्याच्या आधी डोक्यात काय होतं. त्या कागदावरनं जे निघालं ते मला त्या डिजिटल आकड्यातनं कधीच मिळालं नसतं. दिवसाचा वापर सुटासुटा होता, पाच-दहा मिनिटांचा. खरा ढीग रात्रीचा, आणि रात्रीचा का, तर मोटर. शेतीपंपाची लाईट पाळीनं येते, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्रीची. रात्रपाळीला लाईट कधी येईल कधी जाईल म्हणून हे अकरापासून जागे, मोटरला मोबाईल स्टार्टर बसवलेला, त्यामुळं फोन उशाला पाहिजेच, आणि लाईट येईपर्यंत करायचं काय, तर रील. लाईट आली, मोटर चालू झाली, तरी आता व्यवस्थित चालतीय का बघू म्हणून आणखी एक तास. दिवसाच्या पाळीच्या आठवड्यातही मग झोप दोनच्या आत येईना. झोप नाही म्हणून सकाळी अंग जड, अंग जड म्हणून फवारणीची चालढकल, आणि मग टेन्शन, टेन्शन आलं की फोन.

यावर जो उपाय निघाला तो मी सुचवलेला नाही, बायकोनं सुचवलाय. तिनं विचारलं, स्टार्टरला मोठा फोन कशाला लागतोय, तो तर कॉल केला की चालू होतोय की. स्टार्टरच्या सिमला साध्या फोनवरनं कॉल किंवा मेसेज गेला तरी मोटर चालू-बंद होते, लाईट आली की तिकडनं कॉलही येतो. मग बटणाचा साधा फोन घेतला, कामाचं सिम त्यात टाकलं, रात्री उशाला तो, आणि स्मार्टफोन सोप्यातल्या कोनाड्यात चार्जिंगला. गजरासाठी पण मोठा फोन नको म्हणून गजराचं घड्याळ आणलं.

या संपूर्ण केसमध्ये याचा उपयोग सगळ्यात जास्त झाला. बाकीचं करून बघितलं त्यात काही लागू पडलं, काही नाही. ॲपला वेळेची मर्यादा लावली ती पहिल्याच दिवशी त्यांच्याच अंगठ्यानं काढली गेली, ज्यानं कुलूप लावलं त्याच्याच खिशात किल्ली असल्यावर दुसरं काय होणार. स्क्रीन काळी-पांढरी केली त्यानं थोडा फरक पडला, रील बघायला मजा येईना म्हणाले. युट्यूब फोनमध्ये मुळातच असतं, काढता येत नाही पण डिसेबल करता येतं, तसं केलं, आणि औषधाचा व्हिडिओ बघायचाच असेल तर ब्राउझरवर शोधून बघायचा ठरलं, कारण शोधून बघणं आणि समोर येईल ते बघणं यात फार फरक आहे. इन्स्टाग्राम काढलं. व्हॉट्सॲपचे अठरा ग्रुप होते, त्यातले द्राक्षाचे दोन ठेवले, बाकी म्यूट. हवामान सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा.

पहिला आठवडा वाईट गेला आणि तो वाईट जाणार हे मी घरच्यांना आधीच सांगून ठेवलेलं होतं. चिडचिड, जेवताना भांडण, खिशात फोन नसताना मांडीवर वाजल्यासारखं होणं. बायकोला सांगितलं होतं की या दिवसांत बघा ह्यांचं काय चाललंय म्हणून कुणाला सांगू नका, मुलालाही टोमणा मारू देऊ नका. तिनं ते पाळलं.

आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात खरं दुखणं वर आलं. ते एकटेच आले होते, म्हणाले, "मॅडम, फोन ठेवला की हिशोब सुरू होतोय." सोसायटीचं कर्ज, औषध दुकानाची उधारी, मागच्या हंगामातली तूट, मुलाच्या पुढच्या शिक्षणाचं. रात्री अकरानंतर हे सगळं अंगावर यायचं आणि रील चालू असेपर्यंत येत नव्हतं. आधी झोप कधी बिघडली असं खोदून विचारलं तर रात्रीच्या फोनच्या आधी बिघडलेली, डाऊनी आलेल्या हंगामात. भूक कमी, कशात मन नाही, सकाळी उठावंसं वाटत नाही असंही होतं. जीव नकोसा वाटतो का हे मी सरळ विचारलं, असं विचारल्यानं माणसाच्या डोक्यात नको ते येत नाही, उलट मोकळं वाटतं. तसं नव्हतं. तरी मी मिरजेला मानसोपचारतज्ज्ञांकडं पाठवलं, त्यांनी तपासून सांगितलं की उदासीनता सौम्य आहे, सध्या गोळी नको, झोपेचं आणि फोनचं चालू ठेवा, महिन्यानं परत दाखवा. फोनच्या मागं उदासीनता, चिंता किंवा दारू लपलेली असते हे बघितल्याशिवाय नुसता फोन बंद करण्यावर जोर देऊ नये असं माझं ठाम मत आहे, कारण तुम्ही त्याचा आधार काढून घेता आणि खाली काय आहे ते बघतच नाही.

त्यानंतरच्या भेटीत दोघांनी माझ्यासमोर वहीत कर्जाचा हिशोब लिहिला. कुणाचे किती, कधी द्यायचे, बागेतनं काय येईल. बायको आकडा बघून थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "लग्नाला वीस वर्षं झाली, मला आज कळलं." रागानं नाही म्हणाली. मग तिनंच उधारीतली एक बाब आधी फेडायची ठरवली, तिच्या बचतगटातनं. त्या रात्री झोप लागली असं त्यांनी पुढच्या वेळी सांगितलं.

सप्टेंबरपर्यंत फोनचा वेळ अडीच तासांवर आला होता. ऑक्टोबरमध्ये छाटणी झाली, पोंगा (नवा कोंब) फुटला आणि अवकाळी पाऊस लागला. तीन रात्री मोठा फोन परत उशाला. बायकोचा मला फोन, सगळं पाण्यात गेलं म्हणून. पाण्यात काही गेलेलं नव्हतं. भीती मोठी आली की जुनी सवय परत येते, हे होणारच असं धरून चालायचं असतं, आणि अशा वेळी पहिल्यापासून सुरुवात करायची नसते, नेमकं काय घडलं तेवढं बघायचं. घडलं असं की पाऊस असताना दोनदा हवामान बघून भागत नव्हतं आणि ते बरोबरही होतं. मग त्यांनी बांधाशेजारच्या बागायतदाराशी पाळी लावली, एका रात्री त्यानं हवामान बघायचं, दुसऱ्या रात्री यांनी, आणि पाऊस दिसला तर साध्या फोनवर कॉल. ज्याची पाळी नाही त्यानं झोपायचं. शेजाऱ्यालाही झोप नव्हतीच, त्यालाही बरं पडलं. त्या निमित्तानं दोन वर्षं बंद असलेलं पारावरचं बसणं परत सुरू झालं हे मला नंतर कळलं.

मुलाचं काय झालं, तर त्याच्यावर वेगळं असं काही केलंच नाही. जेवणाच्या वेळी फोन कोनाड्यात, रात्री साडेदहानंतर कोनाड्यात, एवढंच, आणि ते वडिलांनी आधी पाळलं म्हणून त्यानं फार खळखळ केली नाही. गेम अजून खेळतो. रविवारी फवारणीला ब्लोअरच्या मागं असतो.

वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात असं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आहे, मानसिक आरोग्यासाठीची केंद्र सरकारची सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून चालू, मोफत, चोवीस तास, मराठीतनं बोलता येतं. बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत तर फोन-इंटरनेटच्या अतिवापरासाठी २०१४ पासून वेगळं क्लिनिक आहे, पण प्रत्येकानं तिथवर जायची गरज नाही, जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातही मानसोपचार विभाग असतो. आणि घरातल्या मोठ्या माणसाबद्दल शंका असेल तर पोराला पुढं करून येऊ नका, सरळ त्या माणसाबद्दल या.

जानेवारीच्या भेटीत आकडा दोन तासांच्या थोडा वर होता. ट्रॅक्टरवर फोन एकदाही नाही, हे बायकोनं सांगितलं. रात्रीचा साधा फोन चालू आहे. व्हॉट्सॲप अजून जास्त आहे, विशेषतः गावातल्या राजकारणाचा एक ग्रुप त्यांनी परत चालू केलाय, त्यावर आमचं एकमत झालेलं नाही. माल निघाला की मार्चमध्ये हाताला काम कमी असतं आणि सोसायटीची वसुलीही तेव्हाच असते, खरड छाटणीपर्यंतचे ते दिवस त्यांना जड जातात, म्हणून पुढची भेट मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ठेवलीय. दोघांनाही बोलावलंय, येताना हिशोबाची वही घेऊन या म्हणून सांगितलंय.